खाजेचे मूळ

यवतमाळ जिल्ह्यातील एखाद्या खेड्यात दुपारच्या वेळी गेले, म्हणजे कडुनिंबाच्या सावलीत शेळ्या विसाव्याला बसलेल्या दिसतात. त्यांतली एखादी मात्र बसत नाही. ती झाडाच्या खोडाला मान घासते, मागच्या खुराने कान खाजवते, क्षणभर थांबते आणि पुन्हा घासू लागते. तिच्या तोंडाभोवतीचे आणि कानांच्या कडांवरचे केस गळालेले असतात. उघडी पडलेली कातडी जाड, सुरकुतलेली आणि खपल्यांनी भरलेली असते. कळपाबरोबर रानात गेली तरी ती मागे पडते, कारण तिचा चरण्याचा वेळ खाजवण्यातच जातो. पुढे तिचे दूध आटते, बरगड्या दिसू लागतात, आणि आठवडी बाजारात नेली तर गिऱ्हाईक तिच्याकडे एकदा पाहून पुढे निघून जाते. ज्या घरी शेतजमीन नाही, त्या घरी शेळी हीच गाठीची शिल्लक असते. आजारपण आले, मुलांच्या वह्यापुस्तकांचा खर्च निघाला, की शेळी विकून तो भागवला जातो. अशा घराला शेळीची खाज ही लहान गोष्ट वाटत नाही.

जनावरांच्या या रोगाला लूत म्हणतात. तोच रोग माणसाला झाला, म्हणजे त्याला खरूज हे नाव मिळते. लूत लागलेले कुत्रे दिसले, की लोक त्याला दगड मारून हाकलतात. त्या मुक्या प्राण्याला नेमके काय झाले आहे, हे पाहण्याची तसदी फारसे कोणी घेत नाही. विचारलेच तर सांगतात, की त्याला उष्णता झाली, त्याचे रक्त बिघडले, त्याने भलतेसलते खाल्ले. या उत्तरांना हसण्याचे कारण नाही. जगातले मोठमोठे वैद्यही शेकडो वर्षे हेच सांगत होते. शरीरातील रस दूषित झाले, की ते कातडीवाटे बाहेर पडतात आणि खरूज उठते, असे युरोपातील वैद्यकाच्या ग्रंथांत लिहिलेले असे. म्हणून खरजेच्या रोग्याचे रक्त काढीत, त्याला जुलाब देत. आणि रोगी बिचारा खाजवीतच राही.

खरे कारण सांगितले ते इटलीतील दोन संशोधकांनी. जोव्हान्नी कोसिमो बोनोमो हा वैद्य होता आणि जाचिंतो चेस्तोनी हा औषधे तयार करणारा होता. दोघे लिव्होर्नो या बंदराच्या गावी राहत. तेथे त्यांना एक चमत्कारिक गोष्ट दिसली. गरीब बायका आपल्या खरूज झालेल्या मुलांच्या कातडीतून सुईच्या टोकाने काहीतरी बारीक, पांढरे उकरून काढीत आणि नखावर ठेवून चिरडून टाकीत. बंदरातले कैदीही एकमेकांना हीच सेवा करीत. बोनोमोने तो पांढरा कण सूक्ष्मदर्शक यंत्राखाली ठेवला. तो कण चालू लागला! कासवासारख्या पाठीचा तो एक जीव होता. दोघांनी तो पुन्हा पुन्हा पाहिला, त्याचे चित्र काढले, आणि एकदा तर त्याला अंडे घालतानाही पाहिले. १६८७ साली बोनोमोने हे सारे एका पत्रात लिहून फ्रान्चेस्को रेदी या नामांकित शास्त्रज्ञाकडे पाठवले. खरूज ही दूषित रसांमुळे होत नसून या किड्यामुळे होते, आणि एकाच्या अंगावरून दुसऱ्याच्या अंगावर किडा गेला म्हणजेच ती पसरते, असे त्यात स्वच्छ म्हटले होते.

एवढे झाल्यावर वाद मिटायला हवा होता. पण तसे झाले नाही. एवढासा किडा एवढा मोठा रोग कसा करील, असे विद्वानांना वाटले, आणि पत्र विसरले गेले. त्यानंतर दीडशे वर्षांनी, १८३४ मध्ये, पॅरिसच्या सेंट लुई रुग्णालयात रेनुच्ची नावाच्या विद्यार्थ्याने सर्वांसमक्ष सुईच्या टोकावर तो किडा काढून दाखवला. रेनुच्ची कॉर्सिका बेटावरचा. तेथील गरीब बायका तो किडा कसा काढतात, हे त्याने लहानपणी पाहिले होते. मोठे वैद्य किडा शोधीत ते पू भरलेल्या फोडांत, आणि तेथे तो सापडत नसे. फोडापासून निघालेल्या बारीक रेषेच्या टोकाशी तो लपलेला असतो, हे त्या निरक्षर बायकांना ठाऊक होते. वैद्यकाच्या इतिहासात त्या बायकांची नावे कोठेही लिहिलेली नाहीत.

हा किडा म्हणजे खरे पाहता कीटक नव्हे. त्याला आठ पाय असतात आणि तो कोळी व गोचीड यांच्या गोत्यातला आहे. शास्त्रात त्याला सार्कोप्टीस म्हणतात. मादीची लांबी अर्ध्या मिलिमीटरपेक्षाही कमी, म्हणजे खसखशीच्या दाण्याच्या निम्मीसुद्धा नसते. ती कातडीच्या अगदी वरच्या थरात बोगदा खणते, आणि खणता खणता रोज दोन-तीन अंडी घालीत पुढे सरकते. तीन-चार दिवसांत अंडी फुटतात; पिल्ले वर येतात, वाढतात, आणि दोन-तीन आठवड्यांत तीही अंडी घालू लागतात. मग एकाच किड्याची किती प्रजा होत असेल, याचा हिशेब कोणीही करून पाहावा.

येथे एक प्रश्न उभा राहतो. इतका बारीक जीव वरच्या कातडीत फिरतो, त्याने एवढी खाज का सुटावी? त्याचे उत्तर असे, की खाज किड्याच्या चालण्याने सुटत नाही. किड्याची लाळ, त्याची विष्ठा व अंडी ही शरीराला परकी वाटतात आणि शरीर त्यांच्याशी झगडू लागते. या झगड्याची खूण म्हणजे खाज. शरीराला हा परका ओळखायला वेळ लागतो. माणसाला पहिल्यांदा खरूज झाली, तर खाज सुटायला चार ते सहा आठवडे लागतात. तेवढ्या काळात तो न खाजवताच आपले किडे भावंडांना वाटून मोकळा झालेला असतो! म्हणूनच घरात एकाला खरूज झाली, तर सर्वांनी एकाच वेळी औषध लावावे, असे डॉक्टर सांगतात. शेळ्यांच्या कळपालाही हाच नियम लागू आहे. एक शेळी खाजवताना दिसली, म्हणजे तिच्याशेजारी बांधल्या जाणाऱ्या शेळ्यांतही किडा शिरलेला असण्याचा संभव फार असतो.

थंडीच्या दिवसांत शेळ्या गोठ्यात एकमेकींना बिलगून बसतात. किड्याला एका अंगावरून दुसऱ्या अंगावर जायला तेव्हा चांगली संधी मिळते, म्हणून लुतीचा जोर हिवाळ्यात अधिक दिसतो. यवतमाळच्या वैशाखातील ऊन मात्र त्याला सोसत नाही. अंगाबाहेर पडलेला किडा कोरड्या उन्हात लवकर मरतो. गोठ्यातील जुना पालापाचोळा काढून जमीन उन्हाला उघडी टाकण्याची जुनी रीत या दृष्टीने शहाणपणाची आहे.

प्रत्येक जातीच्या प्राण्यावर बहुधा त्याचा त्याचा किडा असतो. कुत्र्याचा किडा माणसाच्या हातावर आला, तर काही दिवस पुरळ उठते. पण तेथे त्याचा संसार जमत नाही. गिनीपिगचा किडा तर आणखी निराळा आहे.

गिनीपिग हा विदर्भात अलीकडे आलेला पाहुणा आहे. त्याच्या नावात दोन चुका आहेत. तो गिनी देशातला नाही आणि डुकराच्या कुळातलाही नाही. तो उंदीर-घुशींप्रमाणे कुरतडणाऱ्या प्राण्यांपैकी असून दक्षिण अमेरिकेतील अँडीज पर्वतातले लोक त्याला हजारो वर्षांपासून पाळीत आले आहेत. सोळाव्या शतकात दर्यावर्दी लोकांनी त्याला युरोपात आणले. पुढे तो प्रयोगशाळेत शिरला. रॉबर्ट कॉख याने १८८२ साली क्षयाचा जंतू शोधून काढला, तेव्हा त्याने आपले प्रयोग गिनीपिगांवरच केले होते. आता शहरांतील दुकानांतून तो विकत मिळतो, आणि मुले त्याला हौसेने पाळतात. गिनीपिग स्वभावाने गरीब आहे. तो चावत नाही, कोथिंबिरीची जुडी दिसली की शीळ घातल्यासारखा ओरडतो, आणि दुखले-खुपले तर मुकाट्याने कोपऱ्यात बसून राहतो. त्याचे हे मुकाट्याने बसणेच त्याच्या जिवावर येते.

गिनीपिगच्या किड्याचे नाव ट्रिक्साकॅरस. शास्त्रज्ञांनी त्याचे प्रथम वर्णन केले ते १९७२ साली, म्हणजे बोनोमोच्या पत्रानंतर जवळजवळ तीनशे वर्षांनी. हा किडा खांद्यांच्या, पाठीच्या व मांड्यांच्या कातडीत बोगदे खणतो. केस झडतात, कातडी जाड व पिवळसर होते, आणि प्राणी इतका खाजवतो की रक्त येते. रोग वाढला, की नुसत्या स्पर्शानेही त्याला आकडी येते. पाय ताठ होतात, अंग थरथरते. हे पाहून त्याच्या मेंदूत बिघाड झाला, असे कोणालाही वाटेल. परंतु मूळ कातडीतच असते. उपचार झाला नाही, तर खाजेने आणि उपाशी राहून तो मरतो. बरेचदा किडा त्याच्या अंगावर आधीपासूनच थोड्या संख्येने गुपचूप असतो. प्रवास, नवे घर, गाभण राहणे किंवा अपुरा आहार यांनी प्राणी थकला, की किड्याची संख्या एकदम वाढते. यवतमाळच्या मे महिन्यातला ४२ अंशांवरचा पारा तर या थंड डोंगरातल्या प्राण्याला मुळीच मानवत नाही. त्याला माणसासारखा घाम येत नाही, आणि पत्र्याच्या छपराखाली ठेवलेला पिंजरा त्याला भट्टीसारखा होतो.

गिनीपिगचे केस गळाले म्हणजे किडाच झाला, असेही समजू नये. त्याच्या कानांच्या मागे केस नसलेली एक लहान जागा जन्मतःच असते, आणि ती पाहून पुष्कळ मुले उगाच घाबरतात. तोंडाभोवती व डोळ्यांभोवती गोल चट्टे पडून कोंडा सुटत असेल, तर तो बहुधा नायटा असतो. नायटा बुरशीमुळे होतो, पावसाळ्याच्या दमट हवेत बळावतो, आणि प्राण्याला कुरवाळणाऱ्या मुलाच्या हातावरही उठतो. केसांच्या मुळांशी बारीक लांबट जीव पळताना दिसले, तर त्या उवा होत. गिनीपिगच्या उवा माणसाच्या डोक्यात राहत नाहीत, एवढे समाधान.

आणि कधी कधी किडा नसतो, बुरशी नसते, उवाही नसतात. प्राणी केवळ भुकेला असतो. त्याचे पोट भरलेले असते, पण शरीराला हवे असलेले एक द्रव्य त्याला मिळत नसते. ही गोष्ट कळली तीही योगायोगाने. नॉर्वेमध्ये होल्स्ट आणि फ्रोलिख हे दोन शास्त्रज्ञ दुसऱ्याच एका रोगाचा शोध करीत होते. त्यांनी गिनीपिगांना नुसते धान्य खायला घातले. त्या प्राण्यांच्या हिरड्यांतून रक्त येऊ लागले, सांधे सुजले, आणि दर्यावर्दी खलाशांना पूर्वी ग्रासणारा स्कर्व्ही हा रोग त्यांना झाल्याचे दिसले. १९०७ साली त्यांनी हे प्रसिद्ध केले. शेळी, गाय, कुत्रा, उंदीर हे सर्व प्राणी ‘क’ जीवनसत्त्व आपल्या शरीरात तयार करतात. माणसाला आणि गिनीपिगला मात्र ते तयार करता येत नाही. दोघांनाही ते रोजच्या अन्नातूनच मिळवावे लागते. ते मिळाले नाही, तर गिनीपिगचे केस खरखरीत होतात, कातडीला खवले सुटतात, जखमा भरून येत नाहीत, आणि सांधे दुखत असल्याने हात लावताच तो ओरडतो. दुकानातील कोरड्या खाद्यात हे जीवनसत्त्व घातलेले असते, पण डबा महिनोन् महिने उघडा राहिला की ते नाहीसे होते. यवतमाळात यावर महागडे औषध शोधण्याची गरज नाही. हिरवे ताजे गवत व कोथिंबीर बारा महिने मिळतात, आणि हिवाळ्यात बाजारात आवळ्यांचे ढीग लागतात. एका लहानशा आवळ्यात संत्र्याच्या कितीतरी पट ‘क’ जीवनसत्त्व असते. त्याची चिमूटभर फोड गिनीपिगला रोज पुरते.

एकाच दिसणाऱ्या खाजेची ही इतकी निरनिराळी मुळे आहेत, आणि घाईने केलेला उपाय त्यामुळेच फसतो. काही वेळा तो नुसता फसत नाही, तर प्राणघातक ठरतो. गाडीच्या इंजिनातले जळके तेल जनावराच्या अंगाला चोपडण्याची चाल पुष्कळ ठिकाणी आहे. त्या तेलात शिशासारखी विषारी द्रव्ये असतात. जनावर अंग चाटते, तेल पोटात जाते. आणि जे चाटले जात नाही, ते कातडीतून मुरते. त्याहून भयंकर म्हणजे पिकावर फवारण्याचे कीटकनाशक पाण्यात कालवून त्याने जनावर धुणे. किडा मरतो हे खरे, पण जे औषध कपाशीवरच्या किडीसाठी केलेले आहे, ते कातडीपाशी येऊन थांबेल असे मानणे हा भ्रम आहे.

हा भ्रम किती महाग पडतो, हे यवतमाळ जिल्ह्याने २०१७ साली अनुभवले. त्या वर्षी कपाशी माणसाच्या डोक्यापर्यंत वाढली होती. दमट उकाड्यात शेतकरी आणि शेतमजूर फवारणी करीत होते. बहुतेकांच्या तोंडाला फडके नव्हते, हातांत मोजे नव्हते. फवारा त्यांच्याच अंगावर पडे, कपडे भिजत, आणि विष श्वासाबरोबर व कातडीतून शरीरात जाई. शेकडो माणसांना रुग्णालयात न्यावे लागले, आणि जिल्ह्यात वीसहून अधिक माणसे दगावली. त्यांपैकी कोणीही ते औषध प्यालेले नव्हते. जे विष कातडीवाटे धडधाकट माणसाला लोळवते, त्याने वीस-पंचवीस किलोच्या शेळीचे किंवा किलोभर वजनाच्या गिनीपिगचे काय होईल, हे सांगायला नको.

जुने सगळेच उपाय मात्र टाकाऊ नाहीत. गंधकाचे मलम खरजेच्या किड्याला खरोखरच मारते, आणि डॉक्टर ते अजूनही वापरतात. करंजाच्या व कडुनिंबाच्या तेलाचाही काही उपयोग होतो. म्हैस डबक्यात लोळते, तेव्हा चिखलाचा थर तिला माशांपासून वाचवतो. आणि चरणाऱ्या गुरांच्या पाठीवर बसलेली साळुंकी गोचिडी टिपीत असते. तिला हाकलून देणारा गुराखी स्वतःचेच नुकसान करतो. घरातली आजी गाईच्या कानातल्या गोचिडी बोटांनी काढते, हेही कॉर्सिकातील बायकांच्याच जातीचे काम आहे. फक्त काढलेली गोचीड तिथेच गोठ्यात टाकू नये. रक्त पिऊन फुगलेली एक मादी जमिनीच्या भेगेत शिरून दोन-तीन हजार अंडी घालते.

लुतीवर खात्रीचा इलाज करायचा, तर प्रथम किडा डोळ्यांनी पाहावा लागतो. पशुवैद्यकीय दवाखान्यात डॉक्टर बोथट पात्याने रोगट कातडीच्या कडेला हळूहळू खरवडतात. रक्ताचा सूक्ष्म ठिपका दिसेपर्यंत खरवडावे लागते, कारण किडा वर नसतो, बोगद्यात असतो. तो खरवडलेला भुगा काचेच्या पट्टीवर घेऊन त्यावर खपल्या विरघळवणारे द्रावण टाकतात आणि पट्टी सूक्ष्मदर्शकाखाली सरकवतात. बोनोमोला दिसला तसाच कासवासारखा जीव मग तेथे दिसतो. कधी किडा सापडत नाही, नुसती लांबट अंडी दिसतात. तेवढीही खूण पुरते.

या किड्यावरचे आजचे प्रमुख औषध म्हणजे आयव्हरमेक्टिन. त्याचे मूळ जपानच्या मातीत आहे. सातोशी ओमुरा या शास्त्रज्ञाने समुद्राकाठच्या एका मैदानाजवळची माती गोळा केली. तिच्यातील सूक्ष्म जीवापासून अमेरिकेत विल्यम कॅम्पबेल व त्यांच्या सहकाऱ्यांनी हे औषध मिळवले. ते प्रथम जनावरांसाठीच वापरात आले, आणि पुढे त्याने आफ्रिकेतील लक्षावधी माणसांना नदीकाठच्या एका रोगाने येणाऱ्या अंधत्वापासून वाचवले. २०१५ साली या दोघांना नोबेल पारितोषिक मिळाले. औषध गुणकारी आहे, पण ते वजनाप्रमाणे मोजूनच द्यावे लागते. शेळीचा डोस गिनीपिगला दिला तर तो मरेल. आणि कुत्र्यांच्या काही जाती अशा आहेत, की त्यांना इतर कुत्र्यांना चालणारा डोसही सोसत नाही. दुभत्या शेळीला ते दिल्यावर किती दिवस तिचे दूध वापरू नये, हेही डॉक्टरांना विचारून घ्यावे लागते.

आणखी एक गोष्ट लोक हटकून विसरतात. पहिल्या डोसाने चालते-फिरते किडे मरतात, अंडी मरत नाहीत. आठवड्याभरात खाज कमी होते, शेळी चरू लागते, आणि घरच्यांना वाटते की रोग गेला. तोवर बोगद्यांत राहिलेली अंडी फुटून नवी पिढी निघालेली असते. तिने अंडी घालण्यापूर्वीच दुसरा डोस पोहोचला पाहिजे, म्हणून डॉक्टर साधारण दोन आठवड्यांनी पुन्हा बोलावतात. मधल्या काळात गोठा झाडून जुना चारा व पाला जाळतात, दावणी व खुंट्या उन्हात टाकतात, आणि कळपातल्या इतर शेळ्यांनाही औषध देतात. गिनीपिगच्या पिंजऱ्यातले गवत असेच काढून टाकून पिंजरा कढत पाण्याने धुतात.

दुसऱ्या डोसानंतर खपल्या हळूहळू सुटू लागतात. त्यांच्याखालची गुलाबी कातडी काही दिवस उघडी दिसते. मग तिच्यावर बारीक लव येते. महिना-दीड महिन्यात शेळीचे कान पुन्हा केसांनी झाकले जातात, आणि दुपारी ती इतर शेळ्यांबरोबर कडुनिंबाखाली बसून रवंथ करू लागते.